झाडावरची कॉफी

३ डिसेंबर

चि. नकटीस,

हे नाव तुला शाळेपासून आवडत नाही, माहीत आहे. पण सहा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसलो आणि हाताने आपणहून तेच लिहिलं. आता खोडत बसत नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला बोलता येईल असं नाही. तुझी आई म्हणाली, "पत्र लिहा. फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच." हल्ली ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, तेव्हा बोलली की मी ऐकतो.

मी मागच्या महिन्यात निवृत्त झालो. मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात मला 'कंपनीचं नाक' म्हटलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, बूट घालून तयार झालो आणि मग आठवलं की कुठे जायचंच नाही. म्हटलं, कॉफी चाखण्यात जन्म घालवला, ती उगवते तो डोंगर तरी बघून येऊ. तुझ्या आईने गुडघे पुढे केले. मी एकटाच निघालो.

आज चढणीवर बसचं चाक पंक्चर झालं. सगळे खाली उतरले. रस्त्याच्या कडेला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणातून डोकावणाऱ्या फांदीवर लालभडक फळांचे घोसच्या घोस. बोरापेक्षा जरा लहान, फांदीला अगदी चिकटून बसलेली, काही लाल, काही अजून हिरवी. मी कंडक्टरला विचारलं, "हे कसलं झाड हो? विषारी नाही ना?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "काका, कॉफी आहे ती! घरी पीत नाही का कधी?"

अख्खी बस हसली. मीही हसलो. चौतीस वर्षं रोज चाळीस-चाळीस कप चाखणारा माणूस, आणि फळ समोर लटकत असताना ओळखता येऊ नये! पण मी पाहणार कुठे? आपल्याकडे येते ती गोणीतली करडी-हिरवी बी. तिला एकेकाळी साल होती, गर होता, हे मला पुस्तकातच माहीत.

एक फळ तोडलं आणि चिमटीत दाबलं. साल फाटून आतून दोन बिया सुळकन बाहेर आल्या, बुळबुळीत, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या. तोंडात टाकल्या. गर म्हणशील तर नावालाच. पण काय चव! आधी जाईच्या फुलासारखा मंद वास, मागून पिकल्या जर्दाळूचा दरवळ, आणि शेवटी मध. तू असतीस तर चाखणीच्या चिठ्ठीवर दोन ओळी जास्तच लिहिल्या असत्यास.

आता मुद्द्याचं. त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला. एकच माल आपण दोघांनी चाखला. तू चिठ्ठीवर 'स्वच्छ' लिहिलंस, मी 'बुरशी' लिहिलं. मालकांनी माझी चिठ्ठी धरली, माल नाकारला, आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "हिला नाकच नाही." त्यांनी तसं बोलायला नको होतं. मी तिथे उभा असून गप्प राहिलो, हे माझं चुकलं. पण बुरशीचा वास सगळ्यांनाच कळतो असं नाही, बाळा. त्यात कमीपणा काही नाही. तू ते फार मनाला लावून घेतलंस. कामच सोडलंस, घर सोडलंस, आता चष्म्याच्या दुकानात काचा बसवतेस आणि म्हणे कॉफीचा कपसुद्धा हातात धरत नाहीस. झालं गेलं विसरता येणार नाही का?

तुझे बाबा


५ डिसेंबर

चि. नकटीस,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. त्यातली जाई खोटी आहे. जर्दाळू खोटा आहे. मधही मी जुन्या सवयीने लिहिला. त्या फळाला वास आहे की नाही, मला माहीत नाही. मला ते फक्त गोड लागलं.

काय झालं ते सांगतो. मी उतरलोय ते लॉज लहान आहे, खाली स्वयंपाकघर आणि त्याला लागूनच बसायची जागा. आज सकाळी मी तिथे पेपर वाचत बसलो होतो. मालकीणबाई बाजारात गेल्या होत्या. त्या आल्या त्या ओरडतच आल्या. शेगडीवर दूध ठेवलं होतं, ते उतू जाऊन, आटून, भांड्यासकट काळंठिक्कर झालं होतं. वरच्या मजल्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून जिन्यात आली होती. आणि मी शेगडीकडे पाठ करून चार हातांवर शब्दकोडं सोडवत होतो.

"अहो, तुम्हाला नाक आहे की नुसतं शोभेला लावलंय?" बाई म्हणाल्या.

वर खोलीत आलो आणि कागद काढला.

नऊ वर्षांपूर्वी मला तो मोठा ताप आला होता, आठवतो? ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वाटलं, येईल आठवड्याभरात. महिन्याभरात. नाही आला. गोड, आंबट, कडू, खारट एवढं जीभ सांगते. बाकी सगळं नाकाचं, हे तुला मी सांगायला नको. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण डॉक्टर कागदावर लिहून देतो आणि कागद कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. आमटी चाखायला देऊन विचारायची, "कशी झालीय?" मी म्हणायचो, "फक्कड."

पहिलं वर्ष अंदाजावर ढकललं. मग तुला आणलं. सगळ्यांना वाटलं, बाप लेकीला विद्या देतोय. मालकही म्हणाले, "वा, दुसरं नाक तयार करताय!" खरं म्हणजे मला पहिलंच हवं होतं.

चाखायच्या खोलीत कुणी बोलायचं नाही, चिठ्ठ्या उघडेपर्यंत तोंडावरची रेषही हलवायची नाही, हा नियम मीच घातलेला. एकाच्या मताने दुसऱ्याची जीभ बिघडू नये म्हणून. पण तुला एक सवय होती. चाखून थुंकलीस की चमचा भांड्याच्या कडेवर वाजवायचीस. माल स्वच्छ असला की एकदा. खोट असली की दोनदा. तुझ्याही ते ध्यानात नसावं. मला पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून दोन वर्षं मी तुझ्या चमच्यावर नोकरी केली. तू गेल्यावर पुन्हा अंदाजावर आलो.

हे वाचून तुला किळस आली असेल. मलाही येते. त्या दिवसाचं अजून राहिलंच आहे. तेही लिहीन, पण आज लिहवत नाही. उद्या एका बागेत जायचंय.

बाबा


७ डिसेंबर

नकटे,

मी डोंगर बघायला आलो नव्हतो. ज्या बागेच्या मालावर मी 'बुरशी' लिहिलं, ती बाग बघायला आलो होतो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. तुझ्या दारात उभं राहायची छाती नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जावं, असं काहीतरी असेल.

बागवाला सत्तरीचा. डोक्याला लोकरीची टोपी, हातात लाकडी दाताळं. खळ्यावर फळं वाळत घातली होती आणि तो त्यांना वरखाली करत फिरत होता. मी कॉफी चाखायचं काम करत होतो म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. कुठल्या कंपनीत ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"ऐकलंस का गं? चाखणारे आलेत!" त्याने बायकोला हाक मारली. ती पडवीत बसून हिरवी फळं वेगळी काढत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

त्याने मला झाडाखाली नेलं. फळ कसं तोडायचं ते दाखवलं, देठ मोडू न देता, जरासं पिरगाळून. एका फांदीवरची सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाकडे चार-पाच वेळा यावं लागतं म्हणे. मी दोन खाल्ली. त्याने विचारलं, "कशी आहेत?" मी म्हटलं, "गोड." तो वाट बघत राहिला. जाणकार माणूस आणखी काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं असणार.

मग खळ्यापाशी येऊन तो म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी आमचा माल बुरशी म्हणून नाकारला हो. ते नाव असं चिकटलं की तीन हंगाम कुणी गोणी उघडून बघेना. बुरशी खळ्यातून येते ना? म्हणून हे खळं मी तीनदा उकरून नवं केलं. आणि आता अर्ध्या अर्ध्या तासाने पालथं करतो. तेव्हा हे काम हिच्याकडे होतं. हिच्याकडून राहून गेलं असणार."

"रोज जेवताना ऐकते," ती पडवीतून म्हणाली. "पानात मीठ विसरेन मी, पण हे वाढायला ते विसरत नाहीत."

त्याने खळ्यावरची मूठभर फळं उचलून माझ्या ओंजळीत घातली. "घ्या वास. तुम्ही सांगितलंत की माझी झोप परत येईल. आहे का बुरशी?"

मी ओंजळ नाकाशी नेली. नऊ वर्षं हेच नाटक केलं आहे, डोळे मिटायचे, श्वास ओढायचा, मान हलवायची. 'छान आहे' म्हटलं असतं की सुटलो असतो. तो माझ्याकडे बघत होता. इतक्या विश्वासाने माझ्याकडे तुझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मी ओंजळ खाली केली.

"मला वास येत नाही," मी म्हटलं.

"सर्दी झालीय?"

"नाही. नऊ वर्षं येत नाही."

आणि मग सगळं सांगितलं. तेच आता तुलाही सांगतो. त्या दिवशी सकाळी मालकांनी मला बाजूला घेतलं होतं. या बागवाल्याने थोडा माल दुसऱ्या व्यापाऱ्याला दिला, म्हणून मालक चिडले होते. म्हणाले, "त्याला धडा शिकवायचाय. खोट काढा." मी म्हटलं, बघू. मग आपण चाखायला उभे राहिलो. तू चाखलंस, थुंकलीस, आणि चमचा एकदाच वाजवलास. मी तो नीट ऐकला. एकदाच. आणि चिठ्ठीवर 'बुरशी' लिहिलं.

ते चुकून झालं नाही, नकटे. माल स्वच्छ आहे हे मला तुझ्यामुळे माहीत होतं. मालकांना नाही म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यावर बारीक नजर ठेवली असती, आणि मग माझं नाक उघडं पडलं असतं. आपल्या चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी तुला नाक नाही हे मी ठरू दिलं.

बागवाल्याने खळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे खळ्याला काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"तीनदा उकरलं मी."

मी हो म्हटलं.

त्याची बायको उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत?" आणि आत निघून गेली. तो दाताळं धरून तसाच उभा. नंतर खळ्याच्या कडेवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी फाटकापर्यंत आलो तेव्हा ती मागून आली. हातात कागदाच्या पुडीत पिकलेली फळं होती. "तुमच्यासाठी नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या मुलीला द्या. आमच्या मालाबद्दल ती एकटीच खरं बोलली."

मी म्हटलं, ती लांब राहते, पोचेपर्यंत नासतील.

"मग वाळवून द्या. रोज पालथं करायचं, एवढंच असतं. पुरुषांना जमत नाही असं नाही."

बाबा


२४ डिसेंबर

नकटे,

घरी येऊन दोन आठवडे झाले. तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती नुसती ऐकत होती. मध्येच एकदा म्हणाली, "एवढं लिहिलंत ना तिला? सगळं?" मी हो म्हटलं. मग ती भाजी निवडायला लागली.

मालकांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढता? तुमचं नाव चांगलं राहिलंय, राहू द्या." मी म्हटलं, माझ्या नावासाठी आलो नाही, दोन ओळी लिहून द्या, त्या बागेसाठी आणि मुलीसाठी. ते हसले आणि त्यांनी घंटी वाजवून माझ्यासाठी पाणी मागवलं.

तिथून मी सरळ चाखायच्या खोलीत गेलो. आता तिथे तिघं नवीन आहेत. टेबलाभोवती उभे, चमचे हातात, सगळं चिडीचूप. मी दारातून मोठ्याने सांगितलं. मला नऊ वर्षं वास येत नाही, सहा वर्षांपूर्वी त्या बागेचा माल स्वच्छ होता, आणि इथे माझ्याबरोबर माझी मुलगी काम करायची, तिचं नाक या खोलीतलं सगळ्यांत चांगलं नाक होतं. एकाचा चमचा हातातून पडला. दुसऱ्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. नियम माझाच होता, त्याचं काय चुकलं? तेवढ्यात मला बाहेर काढलं. हेच सगळं लिहून, खाली सही करून, एक प्रत बागवाल्याला पाठवली आहे आणि एक त्या दुसऱ्या व्यापाऱ्याला.

तुझ्याकडे क्षमा मागायला हे लिहीत नाही. मागितली तर तुला ती द्यावी की नाही याचा विचार करावा लागेल, आणि तेवढाही त्रास तुला द्यायचा हक्क मला नाही. मला एकच हवंय. सहा वर्षं तू जे स्वतःबद्दल खरं धरून चाललीस, ते खोटं होतं, हे तुला पटावं. तुझं नाक गेलं नव्हतं. ते आहे. माझ्यामुळे ते वापरायचं बंद करू नकोस.

ती फळं मी खिडकीत वाळवली. रोज सकाळ-संध्याकाळ पालथी केली. खडखडीत वाटली तेव्हा साल काढली. बारा बिया निघाल्या, त्या सोबत पाठवतो आहे. चांगल्या वाळल्या की बुरशी धरली, मला सांगता येत नाही. तुझी आई म्हणाली, मी वास घेणार नाही, तिलाच विचारा. म्हणून विचारतो.

बाबा


२ जानेवारी

बाबा,

चारही पत्रं मिळाली. फाडली नाहीत.

बियांना बुरशी आहे. पाकीट उघडायच्या आधी, पोस्टमनच्या हातात असतानाच कळलं. तुम्ही वरून पालथं केलंत, पण फळं एकमेकांवर ठेवली असणार. एका थरात पसरायची असतात. दुकानात कुणाला काही जाणवलं नाही. मी एकदा बाहेर जाऊन आले, पुन्हा वास घेतला, तोच. मग समोरच्या उपाहारगृहात गेले आणि सहा वर्षांनी कॉफी मागवली. जळकी होती. शिळ्या दाण्यांची होती. मला सगळं कळत होतं. वेटर विचारायला आला, काय झालं म्हणून, कारण मी रडत होते.

मालकांकडे मी परत जाणार नाही. दुसरीकडे एक जागा आहे, तिथे विचारून आले आहे. बाईंना, बागेतल्या, मी स्वतः पत्र लिहीन.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. चमचा वाजवायची मला सवय नव्हती, बाबा.

तुमच्या तापानंतर एकदा कपाटामागे उंदीर मरून पडला होता. घरात उभं राहवत नव्हतं आणि तुम्ही त्या कपाटाला टेकून पेपर वाचत होतात. मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. तुम्ही कामावर गेल्यावर आई म्हणाली, "त्यांना विचारू नकोस. लपवतायत, तर लपवू दे. तू त्यांच्याबरोबर कामाला लाग." तुम्ही मला आणलंत असं तुम्हाला वाटतं. आईने मला पाठवलं होतं. पहिल्या दिवसापासून मी तो चमचा तुमच्यासाठी वाजवत होते. तुम्हाला खूण कळायला महिना लागला. रोज घरी येऊन मी आईला सांगायचे, अजून कळलं नाही, अजून कळलं नाही. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी आई देवापुढे बसून राहिली होती.

त्या दिवशीही मी एकदाच वाजवला. तुम्ही ऐकलात, हे मी पाहिलं. तुमच्या भुवया नेहमी जरा हलायच्या, तशा हलल्या. आणि तरी तुमच्या चिठ्ठीवर 'बुरशी' होतं. मालक ओरडत होते तेव्हा मी त्यांचं काही ऐकतच नव्हते. मला वाटलं, बाबांना वास यायला लागला. मला न आलेला वास त्यांना आला, म्हणून तर त्यांनी माझं ऐकलं नाही. दुसरं कारण असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाज वाटली, राग आला, तुम्ही गप्प उभे राहिलात म्हणून सहा वर्षं तुमच्याशी बोलले नाही, ते सगळं खरं. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईला आधी हेच सांगितलं होतं, की तुमचं नाक परत आलं. आम्ही दोघी किती हसलो होतो.

आईला ते फार दिवस खरं वाटलं नसणार, ती तुमच्याच घरात राहते. तिने मला कधी कळू दिलं नाही. या सहा वर्षांत काचा घासता घासता मी स्वतःची समजूत घालायचे, माझं गेलं तर गेलं, बाबांचं तरी आलं.

इतक्यात येऊ नका.